हा आजार रक्तातला नाही

"वडील दारू प्यायचे ना?"

डॉक्टरनं हे मला विचारलं नाही. माझ्या आईला विचारलं. मी तिथंच होतो, हातभर अंतरावर.

लष्करी इस्पितळातली खोली. टेबलामागं मेडिकल बोर्डाचे तीन अधिकारी. मधला मानसरोगाचा डॉक्टर. मराठी माणूस, स्वच्छ, गोड मराठी बोलणारा. त्याचं मराठी ऐकून आईला धीर आला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणालीसुद्धा, "आपलोच माणूस आसा." घरचं माणूस घेऊन या, असं त्यांनीच कळवलं होतं. बायकोला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी आईला आणलं होतं. तिला बसा म्हणून कुणी म्हटलं नाही. ती पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन उभी. मी सावधानमध्ये उभा.

"होय," आई म्हणाली.

"रोज?"

"शेवटी शेवटी रोजच."

"मारायचे?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. "कधीतरी."

"गेले कशानं?"

"त्यानंच."

डॉक्टर बाजूच्या अधिकाऱ्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलला. मग आईकडे वळला. आवाज अगदी मऊ.

"हे बघा मावशी, तुमच्या मुलाला जे झालंय ना, ते तुमच्या घराण्यातच आहे. रक्तातून येतं ते. फौजेनं काही केलेलं नाही. उलट इतकी वर्षं सांभाळून घेतलं त्याला. अशा घरांतून येणाऱ्या मुलांत दिसतं हे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

अशा घरांतून.

आई "होय साहेब" म्हणाली. आणि तिनं हात जोडले.

साहेब बोलत असताना बोलायचं नसतं. सतरा वर्षं हेच शिकलो होतो. शर्टाच्या आत घाम पाठीवरून खाली चालला होता आणि माझी नजर समोरच्या भिंतीवर. नियमाप्रमाणे. बोर्ड संपलं.

बाहेर आल्यावर आई झाडाखालच्या बाकावर बसली. चप्पल काढली, पाय वर घेतले. मग म्हणाली, "मियाच सांगलंय ना रे? माझ्याच तोंडातसून गेला सगळा."

मी म्हटलं, "आई, तू खरं सांगितलंस."

"तेंका तेवढाच खरा व्हया होता."

दहिसरला घरी आल्यावर तिनं भिंतीवरचा बाबांचा फोटो काढला आणि दिवाणात, चादरींच्या खाली ठेवला. का, ते मी विचारलं नाही. ती बाबांबद्दल बोलायचीच बंद झाली. जेवताना बाबांची एखादी गोष्ट सांगायची तिची सवय होती. चांगल्या दिवसांतली. ती गेली. त्या माणसानं त्या खोलीत माझा अपंगत्व पेन्शनचा क्लेम मारला, ते एक. पण माझ्या आईला तिच्या नवऱ्याची लाज वाटायला लावली. ते मी विसरणार नाही.

माझे बाबा गिरणीत होते. कापड विणायच्या साच्यांवर. मालवणकडून तरुणपणी आले, लालबागला सामाईक खोलीत राहिले, मग स्वतःची खोली घेऊन आईला आणलं. गिरणी चालू होती तोवर चहाशिवाय काही पीत नव्हते. भजनात पेटी वाजवायचे. आमच्या मजल्यावर त्यांच्याएवढा स्वच्छ शर्ट कुणाचा नसायचा. मग संप झाला. मग गिरणी उघडलीच नाही. खोली विकून आम्ही दहिसरला आलो. बाबांनी नाक्यावर भाजी विकली, चारकोपला वॉचमन म्हणून उभे राहिले. तिथं एकदा शेठच्या पोरानं गेट उशिरा उघडलं म्हणून त्यांना सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या. त्या दिवशी ते पिऊन घरी आले. पहिल्यांदा. हे घराण्यातून आलं नव्हतं. हे गेटवरून आलं होतं.

आणि मला फौजेत घेतलं तेव्हा माझं काय काय बघितलं नाही? छाती मोजली, फुगवून मोजली. दात मोजले. गुडघे चिकटतात का बघितलं. रंग ओळखायला लावले. कानात बॅटरी मारली. बाप पितो का, हे कुणी विचारलं नाही. तेव्हा रक्त चालत होतं. इस्पितळात एखाद्या जवानाला रक्त लागलं की आम्हालाच रांगेत उभं करायचे. तेव्हाही चालत होतं. ते बिघडलं कधी? मी क्लेम टाकला तेव्हा.

आता बर्फाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

उत्तरेची एक चौकी. आम्ही थोडेच जण. राहायला फायबरची खोपटी. माझ्या खोपटीत माझ्यासोबत दिनकर. चंदगडकडचा. नुकताच सुट्टीवरून आलेला. बडबड्या. त्याच्याकडे विषय संपायचा नाही. सकाळचा चहा झाला होता. आम्ही स्टोव्ह साफ करत होतो. मी वाकलो होतो आणि तो म्हशीच्या रेडकाचं काहीतरी सांगत होता. आवाज फार मोठा झाला नाही. डंपरमधून खडी ओततात तसा. मग बर्फ, मग अंधार.

मी खाटेच्या लोखंडाखाली आडवा. एक हात छातीवर अडकलेला. तोंडासमोर थोडी जागा, तेवढाच श्वास. डोळे उघडे आहेत का बंद, हे कळत नव्हतं. पायांच्या बाजूनं आवाज आला.

"जागा हाईस न्हवं?"

मी म्हटलं, "हो."

"ठोकतो म्हंजे. वर ऐकू गेलं की काढतील."

त्याच्या हाताला चहाचा मग लागला होता. तो स्टोव्हवर ठोकायला लागला. टक टक. थांबायचा, ऐकायचा. परत टक टक. वरून काही येत नव्हतं. पहिल्यांदा तो हसत होता. आपण दोघं इथं बटाट्यासारखे पुरलोय म्हणाला. मग त्याचे पाय कळेनासे झाले. मग घरचं बोलायला लागला. मग बोलणं तुटत गेलं आणि नुसतं ठोकणं राहिलं. मध्येच विचारायचा, जागा हाईस न्हवं. मी हो म्हणायचो. शेवटी शेवटी मी हो म्हटलेलं त्याला ऐकू जात नव्हतं. तो परत परत विचारायचा. माझा घसा बसला होता. मी जोर लावून ओरडायचो आणि आवाज यायचा कुजबुजल्यासारखा.

मग ठोकणंही थांबलं.

किती वेळ, ते मला सांगता येत नाही. बोर्डानं विचारलं होतं. मी म्हटलं, खूप. त्यांनी लिहिलं, निश्चित सांगू शकत नाही.

मला काढलं तेव्हा मी बेशुद्ध होतो. नंतर एका सोबत्यानं इस्पितळात येऊन सांगितलं की शोध लगेच सुरूच झाला नव्हता. आमच्या मेजरसाहेबांनी वर कळवलं होतं की या खोपटीत कुणी जिवंत असणं शक्य नाही. दुसऱ्या दिवशी मृतदेह काढायला म्हणून खणलं आणि मी निघालो. श्वास चालू असलेला.

डाव्या पायाची दोन बोटं कापली. त्या बोटांना कुणी नाव ठेवलं नाही. बर्फानं गेली म्हणाले, लगेच मान्य. बोटांना घराणं नसतं.

मी परत नोकरीवर गेलो. वर्ष ठीक गेलं. लोक म्हणाले, नशीबवान आहेस. दुसऱ्या वर्षी सुट्टीवर घरी आलो होतो. दुपार होती. वैशाली, माझी बायको, पोळ्या करत होती. वरच्या मजल्यावरच्या बाई खलबत्त्यात काहीतरी कुटत होत्या. टक टक. थांबल्या. टक टक.

मी जिना चढलो. दार उघडताच आत घुसलो, त्यांच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसलो आणि त्यांचंच उलथनं घेऊन फरशी उकरायला लागलो. "खाली माणूस आहे," मी म्हणत होतो. "जिवंत आहे. लवकर करा."

खाली माझंच घर होतं. वैशाली हातात लाटणं घेऊन छताकडे बघत उभी होती. तिच्या डोक्यावर कुणीतरी खरवडत होतं आणि माझा आवाज येत होता.

त्या बाईंनी पोलीस बोलावले नाहीत. माझ्या शेजारी बसल्या, म्हणाल्या, "भाऊ, खाली वैशाली आहे. बरी आहे ती." माझी नखं उलली होती. पण सोसायटीत गोष्ट पसरली. पोरं जिन्यात माझ्या मागून भिंतीवर टकटक करून पळायची. त्यांना तो खेळ होता.

मग फौजेचं इस्पितळ, गोळ्या, खालची मेडिकल श्रेणी आणि शेवटी घरी. नोकरीची पेन्शन मिळाली. अपंगत्वाचा क्लेम टाकला तर ते बोर्ड बसलं. आईला नेलं होतं ते. उत्तर आलं: आजाराचा लष्करी सेवेशी संबंध नाही, सेवेमुळे तो वाढलेलाही नाही.

बोरिवलीच्या एका वकीलबाई फौजी लोकांची कामं करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अपील करू. पण तिथं काय झालं हे सांगणारा कुणीतरी लागेल. तुमच्या शब्दावर ते जाणार नाहीत. तुमचे मेजर कुठं असतात?"

साहेब मुलुंडला असतात. फौज सोडून मोठ्या कंपनीत लागले. उत्तरेकडचे, पण आमच्यात राहून मराठी पक्कं शिकलेले. मी फोन केला. ये म्हणाले, कधीही ये.

गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून. टॉवरच्या लॉबीत सिक्युरिटीनं वर फोन लावला. आवाज बाहेर येत होता. साहेबांचाच. "हां हां, भेज दो. पीछेवाली लिफ्ट से भेजो."

मागची लिफ्ट म्हणजे कचऱ्याचे डबे न्यायची. पत्र्याची, बंद, बारीकसा दिवा. दार सरकायला लागलं आणि मी उडी मारून बाहेर आलो. जिन्यानं गेलो. बोटं नसलेल्या पायानं, मजल्यामागून मजला. दारात पोचलो तेव्हा धापा टाकत होतो. साहेब हसले.

"जिन्यानं आलास? अरे, तू तर माझ्यापेक्षा फिट आहेस! आणि म्हणे आजारी."

आत बसवलं. कॉफी दिली. घरच्यांची चौकशी केली. मला खरंच बरं वाटलं. इतकं की मला माझाच राग आला.

मी म्हटलं, "साहेब, फक्त एवढं लिहून द्या. दिनकर बराच वेळ जिवंत होता. मी त्याला ऐकत होतो."

साहेबांनी कप खाली ठेवला. "दिनकर जागीच गेला."

"नाही साहेब."

"माझ्या अहवालात तसं आहे. त्याच्या बायकोला मी स्वतः सांगितलंय. झोपेत गेल्यासारखा गेला, त्रास झाला नाही. आता तू तिला जाऊन काय सांगणार? तुझा नवरा ठोकत ठोकत मेला म्हणून? कशासाठी? पेन्शन थोडी वाढावी म्हणून?"

रेखावहिनींचा, दिनकरच्या बायकोचा, विचार माझ्याही मनात रोज येत होता.

"हे बघ," साहेब पुढं वाकले. "मीही तिथंच होतो. त्याच थंडीत. मला काही झालं नाही. माणूस मुळात कसा आहे, त्यावर असतं हे. त्यात लाज नाही. इथं कॉम्प्लेक्सला सिक्युरिटी सुपरवायझर हवाय. मी शब्द टाकतो. ते अपील सोड. फौजेचं नाव खराब करू नकोस."

मी उठलो. आणि माझा हात आपोआप वर गेला. मी त्या माणसाला कडक सॅल्यूट मारला. खाली येताना जिन्यात बसून मी तो हात मांडीखाली दाबून धरला होता.

घरी येऊन वैशालीला सांगितलं. ती चारकोपला पॅकिंगच्या युनिटमध्ये जाते. नुकतीच आली होती, पाय धूत होती.

"घे ना मग नोकरी," ती म्हणाली.

"अपील सोडून?"

"मला काय ते अपील खायचंय?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी कामावरून येते ना, तेव्हा रोज जिन्यात थांबते. दार उघडल्यावर आज काय दिसेल म्हणून. तू खाली बसलेला असशील, फरशीला कान लावून. की नसशीलच. मी थकले रे. तू त्या बर्फातून आलाच नाहीस अजून. त्यांनी मान्य केलं काय आणि नाही केलं काय."

ती खोटं बोलत नव्हती. मी ठरवलं, घेऊ नोकरी. साहेबांना कळवायला फोन हातात घेतला होता. खरंच घेतला होता. दोन-तीन वेळा ठेवला, परत घेतला. तेवढ्यात तोच वाजला. अनोळखी नंबर.

"मी रेखा. दिनकरची."

अंत्यविधीनंतर साहेबांनी सगळ्यांना, मला इस्पितळातही, कळवलं होतं, घरच्यांना त्रास देऊ नका. मी तिच्याशी कधीच बोललो नव्हतो.

"सायबांचा फोन आला हुता," ती म्हणाली. "म्हनले, त्याचं डोस्कं फिरलंय. पेन्शनसाठी दिनकरच्या नावानं कायबाय सांगत हिंडतोय. तुमच्याकडं आला तर दार उघडू नका. मला एवढंच इचारायचंय, तुमी काय सांगताय?"

मी तिच्याकडे जाणारच नव्हतो. त्यांनी मला तिच्या दुःखाची भीती घातली. आणि मग स्वतःच तिला फोन करून मला वेडा आणि खोटारडा ठरवलं. एका हातानं नोकरी देत होते, दुसऱ्या हातानं हे.

रेखा तिच्या भावाकडे आली होती. घाटकोपरला, डोंगरावरच्या वस्तीत. मी म्हटलं, येतो. वैशाली म्हणाली, मीपण येते. मला एकट्याला पाठवायला ती घाबरत होती.

चढणीवरची खोली. भाऊ कामावर गेलेला. रेखानं पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसली. बारीक अंगाची. माझ्या तोंडाकडे सरळ बघत.

"त्यो बोलला हुता का?"

"हो."

"लगेच गेला न्हाई?"

"नाही वहिनी."

"काय बोलला? सायबांनी सांगितलंय तुमी रचून सांगता. मग रचल्यालं सांगा. मला कळंल."

मी वैशालीकडे बघितलं. तिलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरला सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

"गोठ्यातल्या वायरचं बोलत होता. दारावरची. सोलली गेलीय म्हणाला. सुट्टीवरून निघताना बघितली, एसटीच्या गडबडीत सांगायचं राहिलं. रेखाला सांग, वायरमनला बोलव. पोरीला तिकडं जाऊ देऊ नको. हेच परत परत. बोलता येत नव्हतं तरी... वायर, वायर म्हणत होता."

रेखाचा चेहरा कसा झाला, ते मी सांगणार नाही. तो तिचा आहे.

मग ती म्हणाली, "म्हस गेली आमची. त्याच वायरीनं. त्याचं दिवस घातलं आन् पंधरवड्यात. पोरगी हातभर लांब उभी हुती."

कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही, गल्लीतली पोरं, सगळं ऐकू येत होतं.

"झोपेत गेला म्हनून मी देवाफुडं दिवा लावत हुते," ती म्हणाली. "म्हनत हुते, देवा, एवढं तरी केलंस." मग एकदम ताठ झाली. "तुमी सांगा बोर्डाला. समदं सांगा. मी लिहून देते वायरीचं. त्याच्याबिगर कुणालाच ठाव नव्हतं. पर माझ्या दारात परत येऊ नका. तुमचं तोंड बघितलं की मला त्यो ऐकू येनार."

उंबऱ्याबाहेर पडलो. वैशाली माझ्या पुढं चालत होती, उतारावर, भराभर. खाली रस्त्याला लागल्यावर थांबली. तोंड पुसलं. "मुलुंडला नाही म्हणून कळव," एवढंच बोलली आणि रिक्षाला हात केला.

अपिलाचं बोर्ड बसलं. दुसरे तीन अधिकारी. साहेबांचं लेखी त्यांच्यासमोर होतं: दिनकर तत्काळ मृत, अर्जदार सापडला तेव्हा बेशुद्ध. त्याच्या शेजारी रेखाचं.

अध्यक्षांनी विचारलं, "वडिलांचा इतिहास..."

"सर, वडिलांबद्दल मी बोलणार नाही," मी म्हटलं. "ते फौजेत नव्हते. बर्फात मी होतो. मला विचारा."

मला माझाच आवाज ओळखू आला नाही. अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मानसरोगवाला समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघा, मृत सोबत्याचा आवाज ऐकू येणं हा तुमच्या आजाराचाच भाग आहे. तुम्ही मुद्दाम करता असं आम्ही म्हणत नाही. तो भ्रम असतो."

"सर, आता येतो तो आजार. तेव्हा येत होता तो दिनकर."

"मेजरसाहेबांचं म्हणणं वेगळं आहे."

"मेजरसाहेब वर होते. मी खाली होतो."

"आणि ते वायरचं तुम्हाला त्यानं आधी कधी सांगितलं असेल. चहा पिताना वगैरे."

आता मला सगळं स्वच्छ दिसत होतं. मी आवाज ऐकला म्हणतो, म्हणजे भ्रम. भ्रम आहे, म्हणजे आजार. आजार आहे, म्हणजे घराण्यातला. आणि घराण्यातला आहे, म्हणून आवाज खोटा. कुठूनही शिरा, बाहेर पडताना माझाच दोष. हुशार माणसांनी बांधलेली खोली होती ती. इतकी वर्षं मी तिच्यात सावधान उभा होतो.

"मग तसं लिहा, सर," मी म्हटलं. "खोटं बोलतो असं लिहा. खाली सही करा. मी खोटा असेन तर मला शिक्षा करा. खरा असेन तर मान्य करा. पण आजारी आहे म्हणून खोटा, असं लिहू नका. आणि माझ्या आईकडून काही वदवून घेऊन त्याखाली मला पुरू नका."

"आवाज खाली घ्या."

"घेतो. पण ऐकून घ्या."

आणि मी सांगितलं. चहाचा मग, स्टोव्ह, बटाटे, पाय, वायर, सगळं. तो किती वेळा विचारत होता ते. माझा हो त्याला पोचत नव्हता ते. दुसऱ्या दिवशीपर्यंत वरून कुणी आलं नाही ते. मध्येच मला गार हवेचा वास यायला लागला, पण मी थांबलो नाही. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. एकानं घड्याळ बघितलं. संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. या तुम्ही."

मी सॅल्यूट न करता बाहेर आलो.

निकाल तोच आला. संबंध नाही.

आता प्रकरण न्यायाधिकरणात आहे. वकीलबाईंनी अर्ज तयार केला तेव्हा मला समोर बसवून विचारलं, "आपण नुसतं आजाराचं मांडू. बर्फात अडकलात, ते कुणी नाकारत नाही. शोध उशिरा सुरू झाला, ते काढून टाकू या का? त्यानं समोरचे बिथरतात. तुमचं काम लांबेल. कदाचित बिघडेलही."

त्या माझ्या भल्यासाठी बोलत होत्या. मी वैशालीकडे बघितलं. ती म्हणाली, "मला काय बघतोस? तू तिथं होतास."

मी म्हटलं, "राहू दे. ठळक लिहा."

मी बरा झालेलो नाही. तसं कुणी समजू नये. बंद लिफ्टमध्ये अजून जात नाही. भर दुपारी, माणसांत बसलेलो असताना, माझा कान जमिनीकडे जातो. गोळ्या चालू आहेत, चालू राहतील. सोसायटीत लोक बाजूनं जातात. मुलुंडची नोकरी नाकारल्याबद्दल नातेवाईक अजून वैशालीला ऐकवतात. न्यायाधिकरणात मी हरूही शकतो. वकीलबाईंनी तेही सांगितलंय.

पण अर्जात मेजरसाहेबांचं नाव घातलंय. त्यांना शपथेवर बोलवा अशी मागणी केलीय. शोध कुणाच्या शब्दावर लांबवला आणि का, हे त्यांना विचारलं जावं म्हणून. ते टाळतील. तारीख घेतील. वकील पाठवतील. पाठवू देत. मी दर तारखेला जाऊन पहिल्या बाकावर बसणार आहे. कधीतरी त्यांना यावंच लागेल, पुढच्या दारानं. आणि दिनकर जागीच मेला, हे त्यांना माझ्या डोळ्यांत बघून म्हणावं लागेल.

ते म्हणतीलही. मी नजर खाली घेणार नाही.